उकळलेला वर्ट, मुंबईचं कोमट पाणी आणि बिअरचा नाजूक अर्धा तास

घरी बिअर कशी करतात हे दाखवणारे व्हिडिओ आता मराठी घरांतही बघितले जातात. मायक्रोब्रुअरी पुण्या-मुंबईला नवी राहिलेली नाही. अमेरिकेतला भाचा व्हिडिओ कॉलवर आपल्या स्वयंपाकघरातला बिअरचा डबा कौतुकानं दाखवतो आणि मग कुतूहल जागं होतं. पण या सगळ्या व्हिडिओंत एक जागा अशी येते की मुंबईचा माणूस तिथे अडखळतो. उकळी संपते, गॅस बंद होतो, तांब्याचं वेटोळं पातेल्यात सोडतात, त्याची नळी नळाला जोडतात आणि थोड्याच वेळात सगळं वीस अंशांवर येतं. पुढचं गाळणं, हवा देणं, यीस्ट टाकणं दोन वाक्यांत उरकतं.

ते वीस अंश येतात त्यांच्या नळातून. थंड देशातल्या नळाला हिवाळ्यात दहा अंशांखालचंही पाणी येतं. आपल्याकडे मे महिन्यात इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून उतरणारं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्यामुळे व्हिडिओत जे आपोआप घडतं, ते इथे विचार करूनच घडवावं लागतं.

मी मुंबईतल्या एका ब्रुपबमध्ये, म्हणजे आपली बिअर तिथेच तयार करणाऱ्या पबमध्ये, काम करतो. माल्ट कुठलं, हॉप्स कुठले यावर लोक तासन्‌तास बोलतात आणि बोलावंच. पण चांगल्या सामानाची बिअर बिघडताना पाहिली की बहुतेक वेळा बोट एकाच जागी जातं: उकळी संपल्यापासून यीस्ट पडेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास. या वेळात तीन कामं होतात. आधी निववणं, मग गाळणं, शेवटी हवा देणं. हा क्रम का बदलायचा नाही आणि मुंबईत पहिलंच काम इतकं अवघड का होतं, ते नीट समजून घेऊ.

वर्ट म्हणजे काय?

जव भिजवून, मोड आणून, वाळवून, भट्टीत सुकवले की माल्ट तयार होतं. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. चोथा वेगळा काढून जे गोड, मधाळ रंगाचं पाणी उरतं, तो वर्ट. तो तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स टाकतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुलं. बिअरचा कडवटपणा आणि बराचसा सुगंध त्यांचा. बाजारात ती बहुधा दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात.

इथपर्यंत मद्याचा थेंब नाही. मद्य करतं ते यीस्ट, आणि यीस्ट जिवंत असतं. उकळत्या वर्टात ते मरून जाईल. ज्यांच्या घरी रोज दही लागतं त्यांना हे सांगायला नको: दूध उकळायचं ते नको असलेले जंतू मारायला, आणि कोमट करायचं ते हवे असलेले जगावेत म्हणून. करंगळी बुडवून दूध पुरेसं निवलं का ते बघतात, तसंच इथे थर्मामीटर बुडवून बघायचं. फरक एवढाच की विरजणाला कोमट दूध आवडतं, आणि ‘एल’ प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश. मुंबईच्या खोलीपेक्षाही गार. सगळी अडचण तिथून सुरू होते.

आधी कायद्याचं बोलू

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे. बिअर हेही मद्यच, आणि ‘विकणार नाही, घरापुरतीच करतो’ अशी सूट त्यात नाही. शिक्षा कलम ६५ मध्ये आहे. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं झालेल्या कायद्यामुळे घरगुती बिअर केंद्रीय करातून मोकळी झाली, ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण होईपर्यंत मुंबईतल्या घरात यीस्ट टाकायची पायरी गाठू नका.

मग हे वाचायचं कशाला? एक तर ब्रुअरीत शिकायला येणारी मराठी मुलं-मुली वाढली आहेत. नव्या रेसिपीची दहा लिटरची चाचणी बॅच आम्ही गॅसच्या शेगडीवर टोपातच करतो, आणि तिथे मोठ्या यंत्रांची मदत नसते. दुसरं, ह्यूस्टन किंवा मायामीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या नळालाही उन्हाळ्यात आपल्यासारखंच पाणी येतं. आणि ज्याला फक्त पिण्यात रस आहे त्यालाही ग्लासात नेमकं काय चुकलंय ते ओळखता आलं तर बरं.

निववायची एवढी घाई कशाला?

कारणं तीन आहेत. पहिलं सगळ्यात मोठं.

उकळता वर्ट जवळपास निर्जंतुक असतो. साठ-पासष्ट अंशांच्या वर असेपर्यंत त्यात फारसं काही जगत नाही. त्याखाली उतरला की तो जंतूंसाठी पंचपक्वान्नांचं ताट होतो: साखर आहे, प्रथिनं आहेत, आणि अजून मद्य नाही की आंबटपणा नाही, म्हणजे अडवणारंही कुणी नाही. यीस्टनं एकदा ताबा घेतला की मद्य आणि आम्ल वाढतं आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. म्हणजे धोका आहे तो साठ अंशांच्या खाली उतरल्यापासून यीस्ट कामाला लागेपर्यंत. हा काळ जितका लांबेल तितकी आंबट, धुरकट, नासक्या भाजीसारख्या वासाची बिअर होण्याची शक्यता वाढते.

दुसरं कारण उकडलेल्या मक्याच्या वासाचं. माल्टमध्ये एक घटक असतो, तो उष्णतेनं फुटतो आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. त्याला कणसाचा किंवा शिजलेल्या कोबीचा वास येतो. उकळताना तो वाफेबरोबर उडून जातो, म्हणून तर टोपावर झाकण ठेवत नाहीत. पण गॅस बंद झाला तरी गरम वर्टात तो तयार होतच राहतो, आणि आता त्याला बाहेर काढायला उकळी नसते. हलक्या भाजलेल्या, फिक्या पिल्सनर माल्टमध्ये हा घटक जास्त असतो. पेल एल माल्ट थोडं जास्त भाजलेलं, त्यात कमी. म्हणून फिक्या बिअरमध्ये घाई जास्त लागते.

तिसरं कारण हॉप्सचं. ऐंशी अंशांच्या वर हॉप्समधून कडवटपणा निघत राहतो आणि सुगंधी तेलं उडत राहतात. शेवटच्या मिनिटाला सुगंधासाठी टाकलेले हॉप्स तासभर गरम वर्टात पडून राहिले तर ते सुगंधाऐवजी कडूपणा देतात. रेसिपी तीच, बिअर वेगळी.

आणि एक फायदा डोळ्यांनी दिसतो. झटक्यात निवलेल्या वर्टातला थोडा उंच काचेच्या ग्लासात काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. स्वच्छ सोनेरी द्रवात पांढुरके, मऊ पुंजके तरंगताना दिसतील, आणि बघता बघता ते तळाशी बसू लागतील. ही प्रथिनं आणि माल्टच्या सालातले तुरट घटक एकमेकांना चिकटून बनतात. निववणं जितकं जलद, तितके पुंजके मोठे आणि बिअर पुढे तितकी नितळ. संथपणे निवलेल्या वर्टात नुसता धूसरपणा राहतो. चाचणी बॅचच्या दिवशी हा ग्लास मी नेहमी काढतो. वर्ट नीट निवला की नाही ते तो एका नजरेत सांगतो.

नळाचं पाणीच २९ अंशांचं असेल तर?

आता मुंबईचं गणित. गरम वस्तू किती वेगानं निवेल हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. वर्ट १०० अंशांवर आणि पाणी २९ अंशांचं, तर फरक ७१. सुरुवातीला वर्ट धपाधप उतरतो. तो ३८ वर आला की फरक उरतो फक्त ९, म्हणजे वेगही जवळजवळ एक अष्टमांश. आणि २९ च्या खाली तर हे पाणी त्याला कधीच नेणार नाही, कितीही सोडा.

यातली खरी मेख अशी: नळाच्या पाण्याचा जोर नेमका चाळीस ते तीसच्या टापूत संपतो, आणि जंतूंना सगळ्यात मानवतो तोही हाच टापू. ज्या वेळी घाई सगळ्यात गरजेची, त्याच वेळी मुंबईचं पाणी थकतं. थंड देशांतल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, म्हणून त्याच्या व्हिडिओत त्याचं उत्तरही नसतं.

उत्तर बर्फात आहे. पण बर्फ कधी वापरायचा यात बहुतेक जण चुकतात. गॅस बंद केला रे केला की टोपाभोवती सगळा बर्फ ओततात. त्यात काय होतं ते मोजू. दहा लिटर वर्ट २० अंशांनी उतरवायला सुमारे ८०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल ओढून घेतो. म्हणजे साधारण अडीच किलो बर्फ लागला. हा अडीच किलो बर्फ सुरुवातीला वापरला तर वर्ट १०० वरून ८० वर येईल, जे काम नळाचं पाणी फुकटात आणि भराभर करतं. तोच बर्फ शेवटी वापरला तर वर्ट ४० वरून २० वर येईल, जे काम नळाचं पाणी करूच शकत नाही. आधी स्वस्त थंडावा, मग महाग थंडावा.

मोठ्या ब्रुअरीतही हेच चालतं. तिथे प्लेट हीट एक्स्चेंजर असतो: स्टीलच्या पातळ पन्हाळीदार पत्र्यांची चळत, एका बाजूनं गरम वर्ट, दुसऱ्या बाजूनं पाणी, दोघांची भेट कधीच होत नाही. डेअरीत दूध पाश्चराइज करायला वापरतात तेच यंत्र. आपल्या हवामानात वर्ट त्यातून दोन टप्प्यांत नेतात. पहिल्या टप्प्यात साधं पाणी, दुसऱ्यात चिलरमधलं गार पाणी किंवा ग्लायकॉल हा सहज न गोठणारा द्रव. टोप आणि बर्फ म्हणजे या दोन टप्प्यांची शेगडीवरची आवृत्ती.

हातानं करायचं तर असं. टोप सिंकमध्ये किंवा मोठ्या टबात ठेवा, बाहेर पाणी वर्टाच्या पातळीपर्यंत भरा. बाहेरचं पाणी कढत झालं की बदला. उकळीत धुऊन घेतलेल्या लांब दांड्याच्या डावानं आतला वर्ट सावकाश हलवत राहा आणि हातानं बाहेरचं पाणीही फिरवा. न हलवलेल्या टोपात भिंतीलगतचा थर निवतो आणि मधला गाभा तसाच तापलेला राहतो. तांब्याचं वेटोळं असलं तरी तेच. एसी-फ्रिजच्या कामाची तांब्याची नळी मुंबईत सहज मिळते, भांड्याभोवती गुंडाळून वेटोळं करता येतं, उकळीची शेवटची पंधरा मिनिटं ते वर्टात ठेवलं की निर्जंतुकही होतं. पण ते स्थिर वर्टात नुसतं लटकवलं तर त्याच्याभोवती गार पडदा तयार होतो आणि काम मंदावतं. वेटोळं हलवलं की निववण्याचा वेळ चटकन कमी होतो. थर्मामीटर ४० दाखवू लागला की मगच बाहेरच्या पाण्यात बर्फ.

बर्फाबद्दल एक सूचना. कारखान्यातल्या लादीचा बर्फ बाहेरच्या टबात चालेल, आत कधीही नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं आहे, तो याच कारणासाठी. आणि घरच्या फ्रिजरमधला बर्फ स्वच्छ दिसला तरी तोही आत टाकू नये. गोठल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

आत काही गार घालायचंच असेल तर एक चांगली युक्ती आहे. दहा लिटरऐवजी सहा लिटर दाट वर्ट उकळायचा. चार लिटर पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून, फ्रिजमध्ये ठेवायचं. वर्ट नळाच्या पाण्यानं ४० अंशांवर आणायचा आणि त्यात ते ४ अंशांचं पाणी ओतायचं. मिश्रण साधारण २५-२६ अंशांवर येतं, मग उरलेल्या पाच-सहा अंशांना थोडाच बर्फ पुरतो. पाणी उकळलेलंच हवं, त्याला दोन कारणं. जंतू हे एक. दुसरं, पालिकेच्या पाण्यातला क्लोरिन. तो माल्टमधल्या घटकांशी जुळला की औषधी, जखमेच्या पट्टीसारखा वास येतो, आणि हा वास अगदी कणभर असला तरी जिभेला कळतो. उकळल्यावर क्लोरिन उडून जातो.

एवढं पाणी वाया घालवायचं?

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्या शहरात जूनच्या तोंडाशी तलावांची पातळी रोजच्या पेपरात छापून येते आणि पाणीकपात जाहीर होते, तिथे वीस मिनिटं नळ सोडून ठेवणं बरोबर नाही. पण वाया घालवायची गरजच नाही. वेटोळ्यातून किंवा टबातून निघणारं पाणी वर्टाला शिवलेलंही नसतं. पहिल्या बादल्या कढत असतात, त्या भांडी आणि डबे धुवायला घ्या. नंतरच्या कोमट, त्या कपड्यांना किंवा आंघोळीला. ब्रुअरीत पहिल्या टप्प्यातून निघालेलं गरम पाणी टाकीत साठवतात आणि पुढच्या बॅचचं माल्ट त्यातच भिजवतात. पाणीही वाचतं आणि इंधनही. शिवाय टबात पाणी बदलत राहण्याची पद्धत नळ सोडण्यापेक्षा बरीच काटकसरीची आहे.

रात्रभर झाकून ठेवलं तर आपोआप निवणार नाही का?

निवेल, पण मुंबईत तीस अंशांपर्यंतच, आणि तेही कित्येक तासांनी. बेल्जियममध्ये लँबिक जातीची बिअर करताना वर्ट उथळ, पसरट तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतून येतील ते जंतू मुद्दाम येऊ देतात. पण ते लोकही हे फक्त थंडीच्या महिन्यांत करतात. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू जास्त हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्या पावसाळी हवेत बुरशीचे कण किती असतात ते चपलांवर आणि कपाटात दिसतंच.

ऑस्ट्रेलियात पाण्याच्या टंचाईमुळे रुळलेली एक पद्धत मात्र विचार करण्यासारखी आहे. उकळता वर्ट तसाच, उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या (एचडीपीई) कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावून कॅन आडवा करायचा म्हणजे झाकणही आतून तापतं, आणि सावकाश निवू द्यायचा. कॅन वर्टाच्याच उष्णतेनं निर्जंतुक होतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवून २० अंशांवर आणता येतो. पाण्याचा आणि बर्फाचा खर्च शून्य. मात्र कडवटपणा वाढतो, म्हणून शेवटी टाकायचे हॉप्स कमी किंवा उशिरा घ्यावे लागतात. फिकं पिल्सनर माल्ट असेल तर मक्याचा वासही राहू शकतो. आणि असा बंद कॅन आठवडे-महिने ठेवायचा नाही. वर्ट पुरेसा आंबट नसतो, उकळीतूनही वाचणारे बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू हवाबंद डब्यात वाढू शकतील अशी ती स्थिती आहे. फार तर एक-दोन दिवसांत यीस्ट पडलंच पाहिजे.

एक चूक मात्र सर्रास होते: टोप लवकर निवावा म्हणून पंखा लावणं. पंख्यानं वर्ट फारसा निवत नाही, पण खोलीतली धूळ त्यात नक्की पडते. स्वयंपाकघरात पिकलेली केळी असतील तर तीही आधी दुसरीकडे हलवा. त्यावरची चिलटं गोड वासावर लगेच येतात आणि त्यांच्या अंगावर व्हिनेगर करणारे जंतू असतात.

गाळायचं किती आणि कधी?

टोपाच्या तळाशी आता हॉप्सचा हिरवा चिखल आणि प्रथिनांचे पुंजके आहेत. हा सगळा गाळ. तो विष नाही. थोडा गाळ पुढे गेला तर यीस्टला उलट त्यातून काही पोषक घटक मिळतात. पण फार गेला तर चव खरखरीत होते आणि बिअर आंबवायच्या डब्याची जागा उगाच भरते. म्हणून ध्येय आहे बराचसा गाळ मागे ठेवणं. शेवटच्या कणापर्यंत गाळत बसलो तर वर्ट तेवढा वेळ उघडा राहतो.

गाळणी लागण्याआधीच अर्धं काम करता येतं. वर्ट निवला की डावानं एकाच दिशेनं गोल फिरवून भोवरा करा, झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. गाळ कडेला न जाता मधोमध ढिगासारखा जमतो. चहाच्या कपात पूड मध्ये गोळा होते ते याच कारणानं. गोल फिरणारं पाणी तळाशी घर्षणानं मंदावतं, त्यामुळे तिथे कडेकडून मध्याकडे वाहणारा प्रवाह तयार होतो आणि तोच गाळ ओढून आणतो. हे कोडं आइन्स्टाइननं १९२६ साली नद्यांच्या वळणांबद्दल लिहिताना उलगडून दाखवलं होतं. मोठ्या ब्रुअरीत याच तत्त्वावर चालणारं वेगळं भांडंच असतं.

मग वरचा नितळ वर्ट कडेकडेनं त्या डब्यात ओतून घ्यायचा आणि ढिगाजवळचा शेवटी गाळणीतून. सुरुवातीलाच सगळं ढवळून गाळणीत ओतलं तर हॉप्सच्या गोळ्यांचा बारीक लगदा दोन मिनिटांत जाळी बंद करतो. मलमलचं फडकं घेतलं तर ते पिळायचं नाही, पिळलं की तुरटपणा खाली उतरतो. हॉप्स आधीच मलमलच्या पुरचुंडीत बांधून उकळले तर हा त्रास खूपच कमी होतो.

‘गरम असतानाच गाळलं तर गाळणीही निर्जंतुक होईल,’ असं कुणी म्हणेल. मुद्दा चुकीचा नाही, पण त्या वेळी थंडीनं तयार होणारे पुंजके जन्मलेलेच नसतात. शिवाय गाळणीतून पडताना वर्ट शिंतडतो, त्यात हवा मिसळते, आणि गरम वर्टात हवा नको असते. त्यापेक्षा गाळणी, फडकं, नरसाळं हे सगळं दहा मिनिटं पाण्यात खळखळ उकळून घ्यावं. साठ अंशांच्या खाली वर्टाला जे जे शिवेल ते ते निर्जंतुक, हा नियम एकदा पाळला की बाकीची भीती निम्मी होते.

आणि आता हवा. पण जंतूंना घाबरून झाकलेल्या वर्टात हवा का मिसळायची?

मला विचारलं जाणारं हे सगळ्यात रास्त कोडं आहे.

उकळल्यावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. यीस्टला मद्य करायला ऑक्सिजन लागत नाही, हे लुई पाश्चरनं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं. पण यीस्टला आधी वाढावं लागतं. टाकलेल्या पेशी काही वेळा विभागतात, आणि प्रत्येक नव्या पेशीला स्वतःचं आवरण लागतं. ते लवचीक ठेवणारे स्निग्ध घटक बनवायला ऑक्सिजन हवाच. तो नसेल तर आईकडचा साठा मुलींत, नातींत वाटला जातो आणि पुढच्या पिढ्या दुबळ्या निघतात. अशा पेशी मद्य वाढू लागलं की दमतात. बिअर अर्धवट गोड राहते, किंवा कच्च्या सफरचंदासारखा वास मागे ठेवते.

एल प्रकारच्या बिअरसाठी लिटरमागे साधारण ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरेसा समजतात. साध्या पाण्यात २० अंशांना हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसात, आणि उकळत्या पाण्यात जवळपास काहीच नाही. वर्टात साखर असल्यामुळे आकडे आणखी थोडे कमी. म्हणजे नुसत्या हवेनं आपण गरजेच्या काठावर कसेबसे पोचतो, तेही वर्ट नीट निवला असेल तरच. निववणं आधी आणि हवा शेवटी, या क्रमाचं हे एक कारण.

दुसरं कारण असं की गरम वर्टात मिसळलेला ऑक्सिजन यीस्टसाठी शिल्लक राहतच नाही. तो वर्टातल्या इतर घटकांशी जुळून जातो, रंग गडद होतो, आणि बिअर लवकर शिळी होऊ शकते. घरगुती प्रमाणात हा परिणाम किती जाणवतो यावर जाणकारांत वाद आहे. माझ्या मते वाद बाजूला ठेवून वर्ट २५-२७ अंशांच्या खाली येईपर्यंत न शिंतडणं एवढं साधं पथ्य पाळावं, त्याला खर्च काहीच नाही.

हवा द्यायला यंत्र लागत नाही. डबा अर्धा-पाऊण भरा, झाकण घट्ट लावा, आणि चांगला फेस येईपर्यंत काही मिनिटं जोरात हिसळा. किंवा दोन निर्जंतुक भांड्यांत उंचावरून चार-सहा वेळा खालीवर ओता. बॅच मोठी असेल तर माशांच्या टाकीचा पंप चालतो, क्रॉफर्ड मार्केटात तो सहज मिळतो, पण त्याच्या नळीत जंतू अडवणारा बारीक फिल्टर हवाच. आत येणाऱ्या थोड्याफार जंतूंचं काय? हवा दिल्यावर लगेच, भरपूर आणि जोमदार यीस्ट टाकलं की त्या थोड्यांना संधी मिळत नाही. उघडा वर्ट तासन्‌तास तसाच ठेवणं हे धोक्याचं, पाच मिनिटांची हवा नव्हे.

कोरडं यीस्ट वापरणारे म्हणतील, कंपन्या तर सांगतात की हवा देण्याची गरज नाही. खरं आहे. कोरडं यीस्ट कारखान्यात भरपूर हवेत वाढवलेलं असतं, स्निग्ध घटकांचा साठा ते सोबतच घेऊन येतं. पहिल्या वापराला हवा कमी पडली तरी भागतं. पण तेच यीस्ट डब्याच्या तळातून काढून पुढच्या बॅचला वापरायचं असेल, द्रवरूप यीस्ट असेल किंवा बिअर कडक असेल, तर हवा हवीच.

आणि ही हवा एकदाच. आंबणं सुरू झाल्यावर, साधारण बारा तासांनंतर, डबा उघडून ढवळायचा नाही. तयार बिअरमध्ये शिरलेला ऑक्सिजन यीस्टच्या कामाचा नसतो, तो बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव देतो. ‘थोडं हलवून बघू, चालू आहे का’ या मोहापायी चांगल्या बॅचेस फुकट जातात.

वीस अंश जमतच नसतील तर?

मग यीस्ट बदला. नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे. त्यातला व्हॉस हा वाण ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ, संत्र्याच्या सालीसारख्या सुगंधाची बिअर करतो आणि काही दिवसांत काम आटोपतो. आता त्याचं कोरडं पाकीटही मिळतं. आपल्या हवामानाला याहून सोयीचं यीस्ट मला माहीत नाही. वर्ट ३५ वर आला की बर्फाचा टप्पाच गळतो, नळाचं पाणी पुरतं. मात्र इतक्या उष्ण वर्टात हवा कमी विरघळते, म्हणून हिसळण्यात हयगय करायची नाही.

नेहमीचं एल यीस्ट हवं असेल तर आणखी एक गोष्ट हिशेबात धरा: आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, आणि डब्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढतं. ३० अंशांच्या खोलीत २० वर यीस्ट टाकून डबा तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो तिशी ओलांडतो आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास, घशाला झोंबणारा तिखटपणा येतो. म्हणून जुना फ्रिज आणि त्याला जोडायचा तापमान-नियंत्रक यांची सोय आधी करावी, वर्ट उकळायला नंतर ठेवावा. डबा आत बसतो का तेही रिकामा असतानाच बघून घ्यावं, भरलेले दहा लिटर उचलून परत बाहेर काढणं जड जातं.